परदेशातील क्रांतिकारक आणि गोवा

फोंडेकर: इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव करू पाहणाऱ्या, १९१३ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या गदर पक्षाचा इतिहास वाचताना पंजाबी शेतकरी आणि मजूर प्रामुख्याने दिसतात. त्यात मराठी माणसे कितपत होती, आणि अशा परदेशस्थ चळवळीचा आपल्या गोव्याशी काही संबंध पोहोचतो का?

डिचोलीकर: तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून परतले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये गदरचेच पंजाबी क्रांतिकारक कर्तारसिंग सराभा यांच्यासह लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मात्र पुढे मेक्सिकोत स्थिरावले व मक्याच्या संशोधनात रमले. बंडखोराचे असे वळण मला फाशीइतकेच विचार करायला लावते.

मडगावकर: गोव्याचा धागा पॅरिसचा. चांदरचे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा तेथे विद्युत अभियांत्रिकी शिकले, भारताची बाजू फ्रेंच वाचकांपुढे मांडू लागले आणि परतल्यावर १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापली. १९४६ मध्ये पोर्तुगीज सरकारने त्यांना पकडून पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात डांबले. त्यांचा गदरशी संबंध जोडण्याचा मोह मात्र टाळावा.

फोंडेकर: आभारी आहे. खानखोजे यांच्याविषयी अधिक वाचावेसे वाटते.