मदत हवी आहे: नाताळच्या जत्रेत वीज ट्रिप होते, लोड कसा वाटायचा?

नमस्कार मंडळी. मालाडच्या ऑर्लेममध्ये स्वयंसेवकांची गल्ली जत्रा, २० स्टॉल, जमेल तो पैसा वृद्धाश्रमाला. तात्पुरतं कनेक्शन सिंगल फेज, ३२ अँपिअरची एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), म्हणजे जेमतेम ७ किलोवॉट. माळा आणि साउंडला २ किलोवॉट जातात. वर २ किलोवॉटचे तीन सँडविच ग्रिलर एकदम तापले की एमसीबी पडते, आणि अंधारात गल्ल्यावरचा हिशोब चुकतो. असं व्हायला नको, एकेक रुपया महत्त्वाचा आहे. फुग्या, नेवऱ्या हे तळणीचे पदार्थ गॅसवर, त्यांचं ठीक.

थ्री फेज (विजेच्या तीन वेगळ्या लाइन) घेऊन प्रत्येक ग्रिलर वेगळ्या फेजवर टाकावा, की ग्रिलरपुरता जनरेटर भाड्याने आणावा? ४० मीटरला २.५ स्क्वेअर मिमीची केबल टोकाच्या प्लगपाशी तापून मऊ पडते (गुंडाळी पूर्ण उलगडूनही). ४ स्क्वेअर पुरेल का? सरबताच्या स्टॉलपाशी ओल असते, तिथे ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावणारच आहोत. अनुभवी वायरमननी कृपया सांगा.