तुरटी फिरवूनही टीडीएस का उतरत नाही?

पूर्णाकाठ (प्रश्न)
आमचे गाव अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात आहे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते, म्हणून आईच्या पद्धतीप्रमाणे हंड्यात तुरटी फिरवून ते रात्रभर झाकून ठेवतो. सकाळी वरचे पाणी इतके नितळ असते की त्यात बुडालेल्या वाटीवर कोरलेले नाव वाचता येते. मात्र टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले घन पदार्थ (लिटरला मिलिग्रॅममध्ये), सांगणारा मीटर तुरटीपूर्वी १८४० आणि नंतर १८५५ दाखवतो आणि चवही खारटच राहते. चारपदरी सुती कापडातून आणि वाळूतून गाळून पाहिले, तरी फरक पडला नाही. मीटर बिघडला आहे की माझेच काही चुकते आहे?

निवळी
मीटर ठीक आहे आणि तुमचेही काही चुकलेले नाही. गढूळपणा चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. ते पाण्यात विरघळलेले नसतात, पण त्यांच्यावर ऋणभार असल्यामुळे एकमेकांना दूर ढकलत राहतात आणि लवकर तळाशी बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियममुळे तो भार नाहीसा होतो, कापसासारखे पुंजके तयार होतात आणि कण त्यांत अडकून खाली बसतात. मी जलशुद्धीकरण केंद्रात काम करतो. तिथेही हेच चालते, फक्त तुरटीची मात्रा अंदाजाने न घेता काचेच्या भांड्यांत ओळीने नमुने घेऊन, प्रत्येकात कमीअधिक तुरटी घालून ठरवली जाते. पूर्वी हेच काम मडक्याला आतून निवळीचे बी घासून करत. माझे टोपणनाव तिथूनच आले.

मिठाची गोष्ट वेगळी आहे. पाण्यात गेल्यावर त्याचे सुटे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात, आणि वाळूच्या किंवा कापडाच्या छिद्रांपुढे ते इतके लहान असतात की पाण्याबरोबरच आरपार जातात. तुमचे वाढलेले १५ तुरटीचेच आहेत, कारण तिच्यातील ॲल्युमिनियम गाळात जाते, पण पोटॅशियम आणि सल्फेट पाण्यातच राहतात.

काचपात्र
एक भर घालतो. हा मीटर घन पदार्थ मोजतच नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि ठरावीक गुणकाने तिचा आकडा बनवतो. म्हणूनच आरओच्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवली तरी तो जवळजवळ काहीच दाखवत नाही. खात्री करायची असेल तर निवळलेले पाणी गाळून पाच लिटर आटवून पाहा. एक लिटरमध्ये दोन ग्रॅमही उरणार नाही आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेवढ्याचा भरवसा धरता येत नाही. प्रयोगशाळेतही रीत हीच आहे: गाळणीवर अडकलेला भाग १०३ ते १०५ अंश सेल्सिअसला आणि खाली उतरलेले पाणी आटवून उरलेला भाग १८० अंशांना वाळवून दोन्हींचे वजन वेगवेगळे करतात.

नुसते उकळून मात्र खारटपणा जाणार नाही. उकळल्याने बायकार्बोनेटच्या रूपातील कॅल्शियम पांढरा थर होऊन भांड्याला धरते. मीठ तसेच राहते, आणि पाणी आटेल तसे उलट दाट होत जाते.

पूर्णाकाठ
पाच लिटर आटवले. कढईतून खरवडलेला पांढरा, किंचित दमट थर ८ ग्रॅम भरला. जिभेला लावला तर आधी खारट आणि मागून कडवट लागला. आता आरओ घ्यावा का?

निवळी
पिण्यापुरता घ्यावा. भारतीय मानक १०५०० नुसार विरघळलेल्या घनांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. म्हणजे तुम्ही वरच्या टोकाला आहात. आरओमध्ये दाबाने पाणी पडद्यापार ढकलले जाते आणि बहुतेक क्षार अलीकडेच राहतात. पण गढूळ पाणी थेट सोडले तर तो पडदा लवकर चोंदतो, म्हणून तुरटी बंद करू नका. फक्त ती बेताने वापरा, हंड्याचे वरचे पाणीच घ्या आणि आधी गाळाची गाळणी लावा, कारण तुरटीचे पुंजकेही पडद्यावर बसतात.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर टाकले जात असेल, तर त्या टाकाऊ पाण्याचा आकडा २४०० च्या आसपास जाईल. ते परसातल्या झाडांना घालू नका, फरशी आणि संडास धुवायला वापरा. छपरावरचे पावसाचे पाणी, पहिल्या सरीचे सोडून, झाकलेल्या टाकीत साठवता आले, तर निदान पावसाळ्यात तरी आरओची गरज पडणार नाही. ते पाणी मात्र उकळून प्या.