तरंगंबाडीची मंडळी नुसती ऐकत बसली होती का?

पायरीवरची:

परवा इथे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीतल्या (तेव्हाची डॅनिश वसाहत) न्यू जेरुसलेम चर्चवर एक लेख आला. फोटो छान आहेत, मेहनतही दिसते. पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये : "जर्मन पाळकांनी मंडळी घडवली, मंडळी ऐकत बसली." मंडळी म्हणजे चर्चचे सभासद. पाळक कोण, तर त्सीगेनबाल्ग, प्ल्युत्शाऊ, श्वार्त्झ हे लुथरन मिशनरी. नावं संपली की इतिहासही संपला. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

त्सीगेनबाल्गचं मोठेपण मला मान्य आहे. 9 जुलै 1706 ला तो किनाऱ्यावर उतरला, दुसऱ्या दिवशी त्याला चोविसावं वर्ष पुरं झालं. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला माणूस, आणि त्याच राजाच्या तिथल्या अधिकाऱ्याने त्याला चार महिने कोठडीत टाकलं. तरी 1715 पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला, 1718 ला चर्च उभं राहिलं, आणि पुढच्याच फेब्रुवारीत हा गेला. सगळं खरं. पण त्याला तमिळ शिकवली कोणी? गावच्या शाळेतल्या पंतोजींनी. तो पोरांच्या रांगेत मांडी घालून वाळूत बोटाने अक्षरं गिरवत होता. त्या वेळी ऐकत कोण बसलं होतं?

मग आरोन. कडलूरच्या व्यापाऱ्याचा मुलगा, मूळ नाव आरुमुगम. 28 डिसेंबर 1733 ला त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. भारतातला पहिला देशी प्रोटेस्टंट पाळक हा. लेखात त्याच्यावर एक ओळ नाही.

आणि राजनायकन. तंजावरच्या राजाच्या, म्हणजे आपल्या भोसल्यांच्या फौजेतला माणूस. छापलेलं तमिळ शुभवर्तमान वाचून तरंगंबाडीला आला, तंजावर मुलखात उपदेशक झाला. जात परैयर, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेली. पुढचा देशी पाळक निवडायची वेळ आली तेव्हा त्याचं नाव पुढे होतं. पण वरच्या जातीचे लोक त्याच्या हातून प्रभुभोजन (उपासनेतला भाकर आणि द्राक्षारसाच्या प्याल्याचा विधी) घेणार नाहीत, म्हणून त्याला मागे ठेवलं आणि 1741 ला दियोगो नावाच्या दुसऱ्या देशी माणसाला दीक्षा दिली. राजनायकन 1771 ला वारला, शेवटपर्यंत उपदेशकच. कोणाच्या हातचा प्याला घ्यायचा हे ज्या मंडळीने ठरवलं, ती ऐकत बसली होती?

बखरवाला:

ताई, आरोन, राजनायकन हे सगळं तुम्हाला कळलं कुठून? याच पाळकांनी जर्मनीत हाल्लेला, मिशनच्या केंद्राला, पाठवलेल्या पत्रांतून. ती पत्रं तिकडे 1710 पासून छापली जात होती म्हणून टिकली. ज्याने लिहून ठेवलं त्याचं नाव आधी येणार, त्यात कोणाचा कट नाही. मंडळीने स्वतः काय लिहून ठेवलं ते दाखवा, मी गप्प बसतो.

आणि श्वार्त्झला यादीतलं एक नाव म्हणून निकालात काढू नका. 1750 ला आला आणि अठ्ठेचाळीस वर्षं इथेच राहिला. 1779 ला कंपनीचा निरोप घेऊन हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणला गेला. तंजावरच्या सरफोजीराजांना तर त्यानेच घडवलं. तो नसता तर तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय आज दिसलं नसतं.

कावेरीकाठ:

हे "घडवलं" ऐकून ऐकून मी कंटाळलोय. आमचं घराणं तंजावरातलं. शाळेत तमिळ, घरात मराठी, आणि महाराष्ट्रात आलो की "तुमची मराठी अशी कशी?" त्यावर हे! सरस्वती महाल भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळापासूनचा आहे, आमच्या राजांनी तो वाढवला. बृहदीश्वराच्या देवळात 1803 चा भोसले वंशाचा भलामोठा मराठी शिलालेख आहे, तोही पाद्र्याने घडवला का? 1805 ला राजांनी वाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि त्यातून 'बालबोध मुक्तावली' निघाली. तेव्हा पुण्यात छापखाना होता का? मराठी मुद्रणाच्या गप्पा मारणाऱ्यांना तंजावर आठवत नाही, ते आठवायला एक जर्मन पाद्री लागतो!

सरळ_प्रश्न:

मूळ मुद्दा एवढाच की लोकांना पैसे आणि धान्य देऊन बाटवलं. बाकी सगळी सजावट.

पायरीवरची:

सरळ_प्रश्न, क्लॅरिंडाचं काय? तंजावरकडची मराठी ब्राह्मण विधवा, एका इंग्रज अधिकाऱ्याबरोबर राहणारी. तिने स्वतः बाप्तिस्मा मागितला आणि श्वार्त्झने नकार दिला, लग्नाशिवाय राहते म्हणून. तो अधिकारी वारल्यावर, 1778 ला, दिला. पुढे तमिळनाडूच्या दक्षिणेला पाळयंकोट्टैला तिने चर्च बांधलं. पैसा इथे कोणाकडून कोणाकडे गेला ते तुम्हीच सांगा.

आणि हेही माझ्या यादीत धरा. पाळयंकोट्टैची मंडळी उभी राहिली ती एका बाईच्या हट्टामुळे.

बखरवाला:

कावेरीकाठ, छापखान्याचं मान्य, आधीपासून मान्य आहे. पण गादीवर बसलेल्या अमरसिंगाच्या कचाट्यातून पोराला, म्हणजे सरफोजींना, सोडवून 1793 ला मद्रासला सुरक्षित कोणी हलवलं? कंपनीपुढे त्याचा हक्क कोणी मांडला? आणि राजांनी स्वतः काय केलं ते बघा. फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून श्वार्त्झचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. स्वतः शेवटपर्यंत हिंदू राहिले.

कावेरीकाठ:

ते स्मारक मला सांगू नका. दहा वर्षांचा होतो तेव्हा आजी बोटाला धरून तिथे घेऊन गेली होती. म्हातारा पलंगावर, शेजारी राजे वाकून त्याचा हात हातात घेऊन उभे. आजी किती वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "राजा रडतोय बघ." तेव्हापासून मला त्या दगडाचा राग आहे आणि तो बघितल्याशिवाय गावातून पायही निघत नाही.

आता तुमच्या उपकारांचा हिशोब. श्वार्त्झ फेब्रुवारी 1798 ला गेला, राजे त्याच वर्षी गादीवर आले. 1799 च्या तहात कारभार कंपनीकडे गेला. राजांना राहिला किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा (सोन्याची नाणी) आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. हक्क मांडून दिला, पण कोणापुढे मांडला? ज्याला राज्य गिळायचं होतं त्याच्यापुढे.

बखरवाला:

मेलेल्या माणसावर दीड वर्षानंतरच्या तहाचं खापर? हा इतिहास नाही, हा राग आहे.

कावेरीकाठ:

हो, राग आहे. तुमचं राज्य गेलं असतं तर कळलं असतं.

नगरची_लेक:

दोघेही जरा थांबा. धागा मंडळीवर होता, तुम्ही तो राजवाड्यात नेऊन बसवलात.

मी तरंगंबाडीवाल्यांसारखी लुथरन नाही, आमची मंडळी नगरकडची, मिशन वेगळं. पण राजनायकनचं वाचलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसले. माझे आजोबा पाळक होते. आम्ही मातंग. त्यांची बदली ज्या गावात झाली तिथली मंडळी बहुतेक दुसऱ्या वस्तीतली. पहिल्या प्रभुभोजनाला आजोबा भाकर मोडून उभे राहिले आणि समोरच्या तीन रांगा उठल्याच नाहीत. आज्जी सांगायची, प्याला त्यांनी तसाच दोन्ही हातांत धरून ठेवला होता, उपासना संपेपर्यंत खाली ठेवला नाही. वर्षभरात बदली झाली. कागदावर कारण लिहिलं "हवामान मानवत नाही."

त्या गावच्या चर्चमध्ये आज पाळकांच्या नावांची पाटी आहे. आजोबांचं नाव तिच्यावर आहे, 'पासून' आणि 'पर्यंत' सकट. मंडळीने काय केलं ते कुठल्याच पाटीवर नाही. म्हणून नुसत्या पाळकांच्या यादीला कोणी इतिहास म्हटलं की मला सहन होत नाही.

बखरवाला:

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तरी एक गोष्ट राहतेच. राजनायकनला दीक्षा द्यायची नाही यावर सही मंडळीने केली नव्हती, पाळकांनी केली होती. चर्चमध्ये जातवार वेगळं बसणं त्यांनीच चालू दिलं. तुम्ही मंडळीला कर्ती ठरवताना पाळकांना मोकळं सोडताय.

पायरीवरची:

हे बरोबर आहे. मी तसं लिहायला नको होतं. पाळकांना हे चूक आहे हे कळत होतं आणि तरी ते नमले.

पण न नमल्यावर काय झालं तेही बघा. तंजावरची मंडळी पुढे अँग्लिकनांकडे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चकडे गेली, आणि 1833 ला बिशप विल्सनने जातिभेद ताबडतोब, कायमचा सोडा म्हणून फर्मान काढलं. लोक उठून गेले. श्वार्त्झच्या हाताखाली वाढलेला कवी वेदनायगम शास्त्री नव्या मिशनऱ्यांच्या विरोधात उभा राहिला. गेलेल्यांपैकी बरेच नंतर तरंगंबाडीच्या लायप्झिगवाल्यांकडे, म्हणजे तिथल्या जर्मन लुथरन मिशनकडे आले, कारण तिथे जातीच्या बाबतीत सवलत होती. मंडळी चांगली होती असं माझं म्हणणंच नाही. तिला बिशपपेक्षा जास्त जोर होता, एवढंच माझं म्हणणं.

बखरवाला:

ठीक. 'ऐकत बसली' हे वाक्य चुकीचं आहे, मान्य. हाल्लेच्या पत्रांचा मुद्दा मी सोडत नाही.

पायरीवरची:

सोडू नका. त्याच पत्रांत राजनायकन सापडतो, म्हणजे ती नीट वाचली तर पुरतात. लेखकाला कळवलंय : ते वाक्य काढा, आणि आरोन, राजनायकन, दियोगो ही तीन नावं घाला.

कावेरीकाठ:

त्या पंतोजींसाठीही एक ओळ घालायला सांगा. आणि क्लॅरिंडा मराठी होती हे स्पष्ट लिहा, नाहीतर तेही कोणीतरी विसरेल.