प्रतिसाद: जीआरईच्या उताऱ्यांचा सराव

वर कुणीतरी जीआरईच्या (परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी देतात त्या परीक्षेच्या) आकलनाच्या उताऱ्यांसाठी शब्दयाद्या पाठ करायला सांगितलंय. रिकाम्या जागांच्या प्रश्नांना त्या नक्की उपयोगी पडतात, पण उताऱ्यात गाडी बहुतेक वेळा पर्यायांपाशी अडते.

समजा उताऱ्यात म्हटलंय, की काही पक्षी दिशा ओळखायला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेत असावेत. पर्याय म्हणतो, स्थलांतर करणारे पक्षी चुंबकीय क्षेत्रावरूनच दिशा ओळखतात. घाईत हा बरोबर वाटतो. पण ‘काही’ गेलं, ‘असावेत’ गेलं आणि वर ‘च’ आला! म्हणून प्रत्येक चुकीचा पर्याय नेमका कशामुळे बाद होतो, ते वहीत लिहा. उत्तर बरोबर आलं असलं तरी लिहा. कंटाळवाणं आहे खरं, पण फरक यानेच पडतो.

सुरुवातीला घड्याळ लावू नका. सप्टेंबर २०२३पासून व्हर्बलला, म्हणजे भाषेच्या भागाला, २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं आहेत, म्हणजे प्रश्नाला साधारण दीड मिनिट. तो वेग नंतर आणता येतो. आणि हो, ‘लागू असतील ते सगळे निवडा’ या प्रकारात तिन्ही पर्याय स्वतंत्रपणे तपासा. तिथे अर्धवट उत्तराला गुण नाहीत.