मदत हवी आहे: काँक्रीटच्या भिंतीत भोक पडेना, कोणतं ड्रिल घेऊ?

नमस्कार मंडळी,

वाकडला नव्या फ्लॅटमध्ये येऊन दीड महिना झाला, आणि बेडरूमच्या खिडकीला अजून जुनी चादरच लटकतेय. पडद्याचा रॉड लावायला भिंतीत भोक पडत नाही.

बिल्डिंग मिवान शटरिंगची आहे. वीट औषधालाही नाही, आतल्या-बाहेरच्या सगळ्या भिंती स्लॅबबरोबर ओतलेल्या. बुकिंग करताना याचंच कौतुक ऐकलं होतं. कॅलेंडर लावायला गेले तेव्हा तीन खिळे वाकले, चौथा उडून कपाटाखाली गेला तो अजून तिथेच आहे.

मग बाबांचं ड्रिल साताऱ्याहून आणलं. ५०० वॅटचं, हातोडीचं चिन्ह असलेलं इम्पॅक्ट ड्रिल. तिकडे विटांच्या भिंतीत त्याच्या जिवावर अर्धं घर टांगलंय. इथे ८ एमएमचं बिट लावून, शिडीवर उभी राहून, अंगाचा सगळा भार टाकून दहा मिनिटं धरलं. अर्ध्या पेराएवढा खड्डा, पिठासारखी राखाडी भुकटी आणि टोकाला निळं पडलेलं बिट, एवढीच कमाई. दुसऱ्या जागी जरा बरं, इंचभर आत गेलं आणि मग किर्रर्र करून ठप्प.

सुतार एका भोकाचे दीडशे सांगतो. पडदे, वॉटर प्युरिफायर, पुस्तकांचं शेल्फ धरून तीसेक भोकं होतील. त्यापेक्षा मशीनच घ्यावं म्हणते. ६५० वॅटचं घेऊ की ८५०चं? बजेट पाच-सहा हजार.

प्रतिसाद १

ताई, वॅट विचारूच नका. तुमच्या बाबांच्या ड्रिलमध्ये दोष नाही, जातच वेगळी आहे.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून कडकड करत फिरतात. मिनिटाला चाळीसेक हजार ठोके बसतात, पण प्रत्येक ठोका टिचकीएवढा. तुम्ही जितकं दाबाल तितकाच जोर. विटेला तेवढं पुरतं. काँक्रीटमधल्या खडीवर मात्र बिट नुसतं घासतं, तापतं आणि निळं पडतं.

तुम्हाला हवं आहे ते रोटरी हॅमर, दुकानात ‘हॅमर ड्रिल, एसडीएस प्लस’ म्हणून मागा. त्यात दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा आतला घण बिटच्या बुडावर आपटते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण खडी फुटते. खोक्यावर वॅटऐवजी ‘ज्यूल’चा, म्हणजे एका ठोक्याच्या ताकदीचा आकडा बघा. घरासाठी दोन ज्यूल भरपूर. बिटही वेगळं लागतं, बुडाला खाचा असलेलं. चावी फिरवून आवळायचं नाही, खटकन आत बसतं. बिट बसवायची ही पद्धत म्हणजेच एसडीएस, बॉशने १९७५ साली आणली, आता सगळ्याच कंपन्यांची बिटं एकमेकांच्या मशीनला चालतात.

दुकानदार ‘इम्पॅक्ट म्हणजेच हॅमर’ असं सांगेल. मशीनच्या तोंडाकडे बघायचं. तिथे चावीने आवळायचा तीन दातांचा चक (बिट धरणारी पकड) असेल तर परत ठेवा.

प्रतिसाद २

दुसऱ्या भोकाबद्दल. किर्रर्र झालं म्हणजे सळी लागली. भुकटीत चकाकणारे कण दिसतील. तिथे कुठलंही मशीन लावून हट्ट करू नका, बिटचं कार्बाइडचं टोक उडतं. दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरका.

आणि मशीन घेण्याआधी हे वाचा: मिवानमध्ये वायरिंगचे पाइप ओतण्याआधीच भिंतीत टाकलेले असतात. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक नको म्हणजे नको. बाथरूमच्या भिंतीसाठी बिल्डरकडून प्लंबिंगचा नकाशा मागून घ्या. पझेशननंतर मागितला की लवकर मिळतो, वर्षाने कोणी ओळख देत नाही.

प्रतिसाद ३

तीस भोकांसाठी विकत कशाला? हार्डवेअरवाले दिवसाच्या भाड्याने देतात, डिपॉझिट ठेवून. बिट मात्र स्वतःचं नवं घ्या, भाड्याच्या बिटचं टोक बोथट असतं आणि तुम्ही मशीनला शिव्या घालता.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मी इतके दिवस वॅटचे तक्ते करत बसले होते!

भाड्याचाच सल्ला ऐकला. सोसायटीत ड्रिलिंगला सकाळी १० ते १ एवढीच मुभा, म्हणून आदल्या रात्री पेन्सिलने सगळ्या खुणा करून ठेवल्या. मशीन हातात जड आहे, पण दाबावं लागत नाही, नुसतं सरळ धरायचं. पहिलं ६ एमएमचं भोक अर्ध्या मिनिटाच्या आत आरपार गेलं की काय अशी भीती वाटली, इतकं सहज. मग बिटला दीड इंचावर लाल टेप गुंडाळली, तिथे आलं की थांबायचं. नवरा खाली व्हॅक्युम क्लीनरची नळी धरून, दोघांच्या तोंडाला मास्क.

चोवीस भोकं झाली, दोनदा सळी लागली. एक अडचण: शेल्फच्या दोन भोकांत प्लॅस्टिकची गिट्टी अर्धीच जाते. ठोकली तर वाकते.

प्रतिसाद २

आत भुकटी राहिली आहे. सायकलच्या पंपाची नळी भोकात घालून चार-पाच फुंकी मारा, डोळे मिटून. मग बिट नुसतं एकदा आतबाहेर करा आणि पुन्हा फुंका. गिट्टी हलक्या हातोडीने जायला हवी. बोटाने सहज गेली तर भोक मोठं झालंय, त्यावर पुस्तकं ठेवू नका.

धागाकर्ती

पंपाने काम झालं! नळीभर सिमेंट निघालं. शेल्फ लागलं, पडदेही लागले. बाबांच्या ड्रिलने पाडलेला तो अर्ध्या पेराचा खड्डा तसाच आहे, त्याच्या वरच्या नव्या भोकात स्क्रू बसवून कॅलेंडर लावलंय.