मॉन्स्टरची पुस्तकं: टेबलवर खरंच कुठलं कामी आलं? अनुभव सांगा

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) आणि तसले टेबलाभोवती बसून फासे टाकत, कथा रंगवत खेळायचे फँटसी खेळ चालवणाऱ्यांसाठी, खेळणाऱ्यांसाठी हा धागा. मॉन्स्टरची पुस्तकं, म्हणजे खेळातल्या प्राण्यांची वर्णनं आणि आकडे, आपण सगळेच घेतो, तासन् तास चित्रं बघत बसतो, पण सेशनमध्ये त्यातलं काय वापरलं जातं आणि काय नुसतं कपाटात राहतं ते ऐकायचंय मला. परीक्षण नको, तुमच्या टेबलवर काय झालं ते लिहा.

सुरुवात मी करते. २०१४चं मॉन्स्टर मॅन्युअल माझं पहिलं पुस्तक, आणि त्यातून काढला ट्रोल. ८४ हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा), दर टर्नला १० परत भरतात, आग किंवा ॲसिड लागलं तरच भरणं थांबतं. एवढं तर पाठच होतं. पण तिथेच एक ऐच्छिक नियम आहे, तलवारीचा मोठा घाव बसला की ट्रोलचा हात-पाय तुटू शकतो आणि तो तुकडा स्वतःच्या मर्जीने लढत राहतो. आमच्या फायटरने हात तोडला, सगळे ओरडले, आणि मी सांगितलं की तो हात बोटांवर सरपटत तुझ्या बुटाकडे येतोय. चौघंही खुर्चीतून उठून उभे! ८४ आकडा आज कुणालाच आठवत नाही, तो हात सगळ्यांना आठवतो. म्हणून माझं मत, पुस्तकाने मला प्राणी काय *करतो* ते द्यावं, आकडे कुठेही मिळतात.

—

हे अगदी पटलं, आणि माझा अनुभव याच्याच दुसऱ्या बाजूचा आहे. शॅडो, म्हणजे सावलीच्या रूपातलं भूत. सीआर (चॅलेंज रेटिंग, प्राणी किती अवघड ते) १/२, हिट पॉइंट १६, कागदावर एकदम किरकोळ. तिसऱ्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) होती, मी चार शॅडो सोडल्या, हिशोबात बसत होतं सगळं. पण प्रत्येक फटक्याला स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) एका डी४ने, म्हणजे चार बाजूंच्या फाशावर येईल तेवढी, कमी होते आणि शून्यावर गेली की माणूस मेला, डेथ सेव्ह (मरणातून वाचायला टाकायचे फासे) वगैरे काही नाही. विझर्डची स्ट्रेंग्थ होती ८. पहिला फटका ३, दुसरा ४, उरली १. डॅमेज दोन्ही वेळा कमीच पडलं होतं त्यामुळे तो म्हणतोय माझे हिट पॉइंट आहेत की अजून, आणि मी ती ओळ परत परत वाचतोय, काही सूट सापडते का बघायला. नाही सापडली. तिसरा फटका बसला आणि टेबल एकदम गप्प झालं.

त्याच ओळीच्या पुढे लिहिलंय की मेलेल्याच्या देहातून १ ते ४ तासांत नवी शॅडो उठते. बाकीचे तिघं मित्राजवळ पहारा देत बसले होते, त्यांना हे माहीतच नव्हतं. पुढचं सांगत नाही, पण पाच वर्षं झाली तरी आम्ही त्या रात्रीबद्दल बोलतो. सीआर बघून मॉन्स्टर निवडणं मी तेव्हापासून सोडलं. सगळं पान वाचायचं, आणि समोरच्या पार्टीत कुणाचा कुठला आकडा कच्चा आहे ते आधी बघायचं.

—

मी जुनी पुस्तकं जमवतो. १९७७चं पहिलं मॉन्स्टर मॅन्युअल हातात घ्या एकदा, खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सची भाषा जड आहे पण उत्साह ओसंडून वाहतो. रस्ट मॉन्स्टर (धातू गंजवून खातो तो), आउलबेअर, बुलेट हे तिघं तर स्वस्तातल्या प्लास्टिकच्या खेळण्यांवरून सुचलेले! मला मात्र जीव लावला खेळाच्या दुसऱ्या एडिशनने (नियमांच्या आवृत्तीने). १९८९ला सुटी पानं आली, फाइलमध्ये लावायची, कल्पना अशी की नवीन संच आला की अक्षरक्रमाने मध्ये घालायचा. पण पानाच्या पुढे एक प्राणी, मागे दुसरा, मग क्रम लागणार कसा? १९९३ला सगळं एका बांधीव पुस्तकात आलं. त्यात जवळपास प्रत्येकाला स्वतंत्र पान, आणि त्यात तो कुठे राहतो, कळपात कसा वागतो, आसपासच्या जंगलावर काय परिणाम होतो याचे वेगळे परिच्छेद. लढाई एकही न करता मी त्यावर अख्खं सेशन चालवलंय.

—

चौथ्या एडिशनबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. ब्रूट (दांडगा), लर्कर (दबा धरणारा), आर्टिलरी (लांबून मारणारा) असा रोल नावासमोरच लिहिलेला, मिनियनला (किरकोळ साथीदाराला) एकच हिट पॉइंट, पान उघडलं की लढाई डोळ्यासमोर. सुरुवातीच्या पुस्तकातल्या लढाया रेंगाळायच्या हे खरंय, २०१०च्या तिसऱ्या मॅन्युअलमध्ये डॅमेज वाढवला तेव्हा कुठे धार आली. पण मांडणी? तोड नाही. २०१४च्या, म्हणजे पाचव्या एडिशनच्या, पुस्तकातला लिच (मेल्यावरही वावरणारा जादूगार) चालवताना मला मंत्रांची यादी बघून दुसरं पुस्तक उघडावं लागायचं, तोपर्यंत समोरचे थंड.

—

मी कधीच डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) नव्हतो, फक्त खेळतो. तरी ही पुस्तकं वाचतो. राक्षस हा शब्द आपला, त्यामुळे ते पान मी आधी उघडलं, तर वाघाचं डोकं आणि तळवे उलटे! पहिल्यांदा खटकलं, आता ते उलटे हातच आवडतात. एकदा डीएमने नुसतं म्हटलं की यजमान पेला जरा विचित्र पकडतोय. मला पान आठवलं, पण माझ्या कॅरॅक्टरला ते माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसलो आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसलो. इतका घाम कधी फुटला नव्हता.

—

नवीन डीएम आहे, पहिलं कुठलं घेऊ?

—

@नवीन डीएम, आधी काहीच घेऊ नका. पाचव्या एडिशनचा एसआरडी (मूळ नियमांचा दस्तऐवज) २०२३च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स या मोफत वापराच्या परवान्याखाली खुला झालाय, त्यात भरपूर मॉन्स्टर फुकट आहेत. बिहोल्डर, माइंड फ्लेअर नाहीत त्यात, पण गॉब्लिन, ट्रोल, ड्रॅगन सगळे आहेत. चार-पाच सेशन त्यावर करा, काय कमी पडतंय ते आपोआप कळेल, मग त्याप्रमाणे घ्या.

—

माझी भाची अकरा वर्षांची, तिच्यासाठी आणि तिच्या दोन मैत्रिणींसाठी मी चालवतो. प्रत्येक मॉन्स्टर आला की तिचा एकच प्रश्न, मामा हा काय खातो? पहिल्यांदा मी गडबडलो कारण पानावर सगळं होतं, एसी (घाव बसणं किती अवघड ते), वेग, चावा, पण हे नव्हतं. मग फ्लंफ आला. १९८१च्या फीन्ड फोलिओ या मॉन्स्टरच्या पुस्तकापासूनचा जीव, तरंगणारी जेलीफिशच, स्वभावाने चांगला, आणि २०१४च्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की तो मनशक्ती असलेल्या प्राण्यांची मानसिक ऊर्जा थोडी थोडी शोषून जगतो. तिने लगेच विचारलं, म्हणजे त्याला त्यांचे वाईट विचार पण खावे लागतात? मी हो म्हटलं. तलवारी बाजूला, पुढचा दीड तास तिघी त्या फ्लंफला चांगले विचार करणारं कुणी शोधून द्यायला फिरत होत्या. आता ज्या पानावर खाण्याचं लिहिलेलं नसतं तिथे सेशनच्या आधी मी कडेला पेन्सिलने लिहून ठेवतो. रस्ट मॉन्स्टरपाशी लिहायची गरज पडली नाही, त्याचं सगळं पानच खाण्याबद्दल आहे.