मदत हवी आहे: पेट्रोलच्या नव्या डब्याची तोटी नीट ओतू देत नाही

सुमेधा_क
अमेरिकेतील जाणकारांकडून मदत हवी आहे. जुना डबा चिरला म्हणून पाच गॅलनचा नवा लाल डबा आणला. त्याची तोटी ढकलून, पिळून, दाबून पाहिली, तरी पेट्रोल एकतर येतच नाही किंवा सुरू होऊन लगेच थांबते, आणि या झटापटीत मनगटापर्यंत ओघळते. डब्यावर 'सांडत नाही' असे ठळक अक्षरांत छापले आहे, हा विनोद समजावा की काय, ते कळत नाही. दुकानदाराच्या मते आता सगळ्या तोट्या अशाच येतात. वादळाचा इशारा आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे होईल. 'सूचना वाचा' असे कृपया सुचवू नये; त्या वाचून झाल्या आहेत.

वाटसरू
पेट्रोल कोणत्या यंत्रात भरायचे आहे? तोटी कडेला टेकवून ढकलायची आहे की अंगठ्याने दाबायचा खटका आहे? आणि ओघळते ते नेमके कुठून, तोटीच्या टोकातून की डब्याच्या तोंडाशी जिथे ती आट्यांवर बसते तिथून? या तीन गोष्टी कळल्याशिवाय जे सुचवले जाईल तो निव्वळ अंदाज असेल.

जुने_खोड
एवढी चौकशी कशाला? पूर्वी डब्याच्या मागच्या अंगाला हवेचे एक लहानसे बूच असे. ते उघडले की पेट्रोल संथ, एकसारख्या धारेने पडायचे. नियम करणाऱ्यांनी ते काढून टाकायला लावले आणि तेव्हापासून हा छळ सुरू झाला. वरच्या बाजूला भोक पाडून बूच बसवा आणि ही तोटी फेकून जुन्या पद्धतीची साधी नळी लावा. मी माझ्या सगळ्या डब्यांना तेच केले आहे.

अभियंता
जुने खोड यांचे निदान बरोबर आहे, उपचार मात्र धोक्याचा आहे. पाण्याची बाटली उलटी केल्यावर पाणी गटगट करत पडते, कारण बाहेर पडणारे पाणी आणि आत शिरणारी हवा एकाच तोंडासाठी भांडत असतात. नव्या तोटीत हवेसाठी आतून एक बारीक नळी काढलेली असते आणि तिचे छिद्र टोकाजवळच असते. टाकीतील पेट्रोल त्या छिद्रापर्यंत चढले की हवा बंद होते आणि धारही बंद होते. टाकी भरून वाहू नये म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे, त्यामुळे मध्येच थांबणे हा दर वेळी बिघाडच असतो असे नाही.

नियमांमागेही कारण होते. कॅलिफोर्नियाने २००१ पासून आणि ईपीए या अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १ जानेवारी २००९ पासून बनणाऱ्या डब्यांसाठी बंधने घातली, कारण उघड्या राहिलेल्या बुचांतून आणि प्लॅस्टिकच्या भिंतींतून पेट्रोलची वाफ रात्रंदिवस बाहेर पडत असे. ईपीएची मर्यादा दर गॅलनमागे दिवसाला ०.३ ग्रॅम इतकी आहे. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजच्या जमिनीलगत साचते, आणि तिथेच पाणी तापवण्याच्या बंबाची ज्योत असू शकते. घरी पाडलेले भोक किती घट्ट बसले आहे, हे तपासायला कोणाकडे साधन आहे?

सुमेधा_क
मी जनरेटरबद्दलच विचारते आहे, हे उघड नव्हते का? वादळात माणूस दुसरे काय चालवणार? तोटी ढकलायची आहे. तिला एक आकडा आहे, तो टाकीच्या कडेला अडकवून डबा पुढे रेटायचा. ओघळते ते सगळीकडून ओघळते.

हिरवी_वाट
या निमित्ताने सुचवते की पेट्रोलचे जनरेटर कायमचेच सोडावेत. बॅटरीचे मोठे संच आता सहज मिळतात, ते सौर पट्ट्यांवर भारित होतात, आवाज करत नाहीत आणि त्यांना तोटीच नसते.

वाटसरू
हिरवी वाट, सल्ला चांगला असला तरी वादळ दारात असताना तो कामाचा नाही.

सुमेधाताई, 'सगळीकडून' हे उत्तर नव्हे. तोटी आणि डब्याचे तोंड फडक्याने पूर्ण कोरडे करा, मोकळ्या जागी डबा अगदी थोडा कलता करा आणि पहिला थेंब कुठे दिसतो ते पाहा. आट्यांशी दिसला तर रबरी वॉशर जागेवर नाही, असे समजा. अनेक डब्यांत तोटी आत उलटी घालून वरून साधे झाकण लावून विकतात, आणि तो वॉशर त्या झाकणाच्या खाचेत चिकटून बसतो. झाकण आणि वॉशर दोन्ही काळे असल्यामुळे तो दिसत नाही. नखाने कड उचलावी लागते.

रानवारा
डबा भरताना तो जमिनीवर ठेवूनच भरावा, हे कोणीच कसे लिहिले नाही? पिकअपच्या मागच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवून भरल्यास स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. शिवाय लाल डबा पेट्रोलचा, पिवळा डिझेलचा आणि निळा केरोसीनचा, हेही ध्यानात ठेवावे.

वाटसरू
माहिती उपयुक्त आहे, परंतु सुमेधाताईंची अडचण डबा भरण्याची नसून रिकामा करण्याची आहे.

पंपवाला
माझा ठाम सल्ला असा की तोटीच्या वाटेलाच जाऊ नये. हातपंप आणि नळी घ्यावी, डबा जमिनीवर ठेवावा आणि दट्ट्या हलवून पेट्रोल वर चढवावे; पाठही वाचते. भरलेला पाच गॅलनचा डबा तीस पौंडांच्या आसपास जातो. तेवढे वजन छातीशी धरून आकडा नेमका कडेला अडकवणे ही कसरत आहे.

अभियंता
नव्या डब्यांत पंपाची नळी बहुधा आतच जाणार नाही. २०२० च्या कायद्यानुसार जुलै २०२३ पासून बनणाऱ्या डब्यांच्या तोंडाशी ज्योत आत शिरू नये यासाठी अडसर असावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो जाळीच्या रूपात असतो. पंपासाठी ती जाळी उपटण्याचा मोह कृपया कोणी धरू नये; तोंडाशी पेटलेली वाफ डब्यात शिरून स्फोट होऊ नये, यासाठीच ती आहे.

पंपवाला
माझा डबा जुना आहे, त्यात नळी जाते. जाळी असलेल्यांनी मग नरसाळे वापरावे, पण रुंद तोंडाचे.

सुमेधा_क
वॉशर झाकणातच निघाला. सूचनांच्या कागदावर त्याचे चित्र नाही की उल्लेख नाही. आट्यांशी होणारी गळती थांबली आहे, त्याबद्दल वाटसरू यांचे आभार. धार मात्र अजूनही मध्येच थांबते आणि टाकी अर्धीही भरत नाही. शिवाय आज आकडा रेटताच पेट्रोल पिचकारीसारखे उडाले. डबा उन्हात होता आणि चांगलाच फुगला होता.

अभियंता
उडण्याचे कारण तुम्हीच सांगितले आहे. डबा हवाबंद असल्याने उन्हात आत दाब साठतो. ओतण्यापूर्वी डबा सपाट जागी ठेवून, आपला चेहरा दूर ठेवून तोटीचे आटे हळूहळू सैल करावेत, सुस्कारा ऐकू येईपर्यंत थांबावे आणि मग पुन्हा घट्ट आवळावेत. थंडीत नेमके उलटे होते. डबा आत ओढला जातो आणि धार निघतच नाही. उपाय तोच.

धार थांबण्याबद्दल माझा तर्क असा आहे. बहुतेक जनरेटरांच्या टाकीच्या तोंडात पेल्यासारखी बारीक जाळी बसवलेली असते. तोटीचे टोक त्या पेल्यात बुडते, जाळीतून पेट्रोल सावकाश झिरपते, पेल्यातील पातळी हवेच्या छिद्रावर चढते आणि टाकी रिकामी असतानाही तोटीला ती भरल्याचा भास होतो. आकड्यामुळे टोक वर उचलता येत नसेल, तर आकडा नरसाळ्याच्या कडेला अडकवावा आणि तोटी पूर्ण न उघडता अर्धवटच रेटावी. जनरेटर बंद करून तो पुरता थंड झाल्यावरच हे करावे, हे सांगायला नकोच, तरीही सांगतो.

जुने_खोड
एक वॉशर शोधा, आटे सैल करून पुन्हा आवळा, नरसाळे धरा, अर्धवट रेटा! एका बुचाने होणाऱ्या कामासाठी एवढी विधी-विधाने. आणि २०२५ च्या जुलैमध्ये ईपीएनेच उत्पादकांना डब्यांना हवेची छिद्रे द्या असे आवाहन केले होते, हे अभियंता सोयीस्करपणे विसरले.

अभियंता
विसरलो नाही, उलट त्या आवाहनाचे मी स्वागतच करतो. आपोआप बंद होणारे, कारखान्यात बसवून तपासलेले छिद्र आणि गॅरेजमध्ये ड्रिलने पाडलेले भोक यांत फरक आहे, एवढेच माझे म्हणणे होते. ड्रिलने निघालेला प्लॅस्टिकचा कीस डब्यात पडून पुढे कार्ब्युरेटरमध्ये अडकतो, ते वेगळेच.

सुमेधा_क
टाकीत जाळीचा पेला आहे. नरसाळ्याने टाकी भरली, फक्त वेळ फार लागला. दोन गॅलनचा डबा घेतल्यास याच कंपनीची तोटी त्याला बसेल का?

वाटसरू
एकाच कंपनीच्या डब्यांतही आटे सारखे असतीलच असे नाही. दुकानात जाताना तोटी सोबत न्या आणि बसवून पाहूनच घ्या.